घर कोठे घ्यावे?

आपल्या वाडवडिलांनी गावच्या जमिनीचे दोन भाग मानले होते, एक काळी आणि दुसरी पांढरी. पिकवायचे काळीत आणि राहायचे पांढरीवर. ही वाटणी कोणा अंमलदाराने नकाशावर रेघ ओढून केली नव्हती. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि चैत्र-वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर घातलेली भिंत तिच्याबरोबर वरखाली होते आणि शेवटी तडकते. हे त्यांना कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक होते. म्हणून परभणी जिल्ह्यातले कोणतेही जुने गाव पाहा, गावठाण बहुधा जरा चढावर, पांढऱ्या मातीवर आणि पाण्याच्या सोयीने बसलेले आढळेल.

आज आपल्या बोरीचा माणूस परभणीला, छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला घर घ्यायला निघतो, तेव्हा ही पारख तो गावातच ठेवून जातो असे आम्हांला दिसते. बैल घेताना जो दात पाहतो, चालवून पाहतो, खुराला हात लावतो, तोच माणूस एकर-दीड एकर रान विकून आलेला पैसा घेऊन शहरात जातो. आणि किती फूट, काय भाव, हप्ता किती, एवढे तीन प्रश्न विचारून रविवारी दुपारी इसार देऊन मोकळा होतो. इसार दिल्यानंतर मग आमच्याकडे येणे होते. "काका, जरा कागद बघता का?" आम्ही वकील नाही. आमची शाळाही अर्ध्यावर सुटली. परंतु तीसएक वर्षे वाळूजच्या कामगारांत संघटनेचे काम केल्यामुळे घर घेऊन सुखी झालेले आणि घर घेऊन फसलेले, असे दोन्ही प्रकारचे संसार आम्ही जवळून पाहिले आहेत. दुसऱ्या प्रकारात आम्ही स्वतःही मोडतो. ती हकीकत पुढे येईल.

आमचे म्हणणे असे की, माणूस समजतो आपण घर विकत घेतो, पण प्रत्यक्षात तो एक वस्ती पदरात घेत असतो. फरशी बदलता येते, ओटा वाढवता येतो, वर मजला चढवता येतो. वस्तीचे पाणी, कामापासूनचे तिचे अंतर आणि तिच्याखालच्या जमिनीचा कागद या गोष्टी मात्र एकट्या कुटुंबाला बदलता येत नाहीत. आणि संसाराचा पैसा व वेळ यांतला मोठा भाग याच तीन वाटांनी जातो.

मुंबईचे एक जुने उदाहरण येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. 1920 नंतरच्या दशकात त्या वेळच्या सरकारच्या विकास खात्याने कामगारवर्गासाठी वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे दोनशेहून अधिक चाळी बांधल्या. बीडीडी चाळी म्हणून पुढे प्रसिद्धीला आल्या त्या ह्याच. एकेक खोली 160 चौरस फुटांची. गिरणगावात तेव्हा एकेका खोलीत दाटीवाटीने माणसे राहत असत. पाळीपाळीने झोपणारी माणसे होती. असे असूनही वरळीच्या कितीतरी खोल्या पहिली काही वर्षे रिकाम्याच राहिल्या. इतक्या, की 1930 च्या कायदेभंगाच्या वेळी सरकारने त्यांतल्या काही चाळी सत्याग्रह्यांना कोंडण्यासाठी वापरल्या. साहेबांना याचे नवल वाटले. त्यात नवल काही नव्हते. बाजार जवळ नव्हता, येण्याजाण्याची सोय नव्हती आणि गिरणी लांब होती. पक्क्या काँक्रीटच्या खोलीपेक्षा भोंगा ऐकू येईल अशी गळकी खोली गिरणी कामगाराला परवडत होती. ज्याला लोक अडाणी म्हणत, त्याने केलेला तो हिशेब अगदी चोख होता.

तोच हिशेब आजच्या भाषेत मांडून पाहू. वाळूजला 1985 साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, मागोमाग सुटे भाग करणारे कारखाने आले, आणि जिंतूर, मंठा, हिंगोलीकडची तरुण मुले तेथे कामाला लागली. कारखान्यांच्या लगत बजाजनगर ही औद्योगिक विकास महामंडळाने आखलेली निवासी वसाहत आहे. तिच्या बाजूला वडगाव कोल्हाटी, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी या ग्रामपंचायतींच्या हद्दीत दाट वस्ती झाली. जसजसे लांब जावे तसतसा भाव उतरतो, आणि आपला माणूस उतरत्या भावाच्या मागे चालत जातो.

समजा कामापासून 12 किलोमीटरवर स्वस्त घर मिळाले. जाऊन येऊन 24 किलोमीटर. महिन्याचे 26 दिवस धरले तर 624 किलोमीटर होतात. मोटारसायकल लिटरला 50 किलोमीटर चालली तरी साडेबारा लिटर पेट्रोल लागते, आणि लिटरचा दर शंभराच्या वर, म्हणजे महिन्याला तेराशे रुपये झाले. टायर, ऑईल, दुरुस्ती वेगळी. आता बँकेचे साडेआठ टक्क्यांचे वीस वर्षांचे कर्ज घेतले, तर एका लाखाला महिन्याचा हप्ता सुमारे 870 रुपये पडतो. म्हणजे तेराशे रुपयांत दीड लाखाचा हप्ता फिटतो. तेव्हा लांबचे घर जवळच्या घरापेक्षा दीड लाखाने स्वस्त असेल, तर ते स्वस्त नव्हेच. फरकाची रक्कम बँकेऐवजी पेट्रोल पंपावर भरायची, एवढेच. बँकेचा हप्ता वीस वर्षांनी तरी संपतो.

हे झाले पैशाचे. वेळेचा हिशेब तर कोणी करीतच नाही. रोज जाण्यायेण्यात दीड तास गेला तर 26 दिवसांचे 39 तास होतात. आठ तासांची पाळी धरली तर महिन्याकाठी जवळजवळ पाच पाळ्या झाल्या. मालकाने महिन्याला पाच पाळ्या बिनपगारी करा म्हटले, तर आम्ही दुसऱ्या दिवशी गेटवर सभा घेऊ. आणि येथे आपण होऊन वीस-पंचवीस वर्षे त्या करायला तयार होतो, कारण हॉल दोन फुटांनी मोठा आहे!

अंतराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. कायम कामगाराचे एक आणि कंत्राटी कामगाराचे दुसरे. ज्याचे काम अकरा महिन्यांच्या कागदावर आहे, त्याने एकाच कारखान्याच्या दाराशी घर घेणे शहाणपणाचे नाही. आज वाळूजला असलेले काम उद्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, जालना रस्त्यावर शेंद्र्याला मिळू शकते. अशा माणसाने दोन्हींकडे जाणारी वाहने जेथे सहज मिळतील अशी जागा पाहावी; मग ती कोणत्याच कारखान्याला अगदी खेटून नसली तरी चालेल. बायकोही नोकरी करीत असेल तर दोघांच्या वाटा मोजाव्यात. आमच्याकडे येणारे नव्वद टक्के पुरुष फक्त स्वतःची वाट मोजून आलेले असतात.

आता पाणी. मराठवाड्यात घर घेणाऱ्याने या विषयाला बाकी सर्वांपेक्षा अधिक वेळ द्यावा. मलिक अंबराने 1610 साली खडकी वसवली. तीच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. शहर वसवताच त्याने डोंगराच्या बाजूने जमिनीखालून नळ घालून पाणी आणण्याचे काम हाती घेतले. नहर-ए-अंबरी ती हीच. पंप नाही, वीज नाही. केवळ उतारावर पाणी शहरात खेळवले. आपण याच्या उलट करतो. आधी वस्ती होते, मग रस्ते, मग निवडणुका, आणि पाण्याची चौकशी सर्वांत शेवटी. शहराला पाणी पैठणच्या नाथसागरातून चढवून आणावे लागते, आणि शहराच्या पुष्कळ भागांत ते वर्षानुवर्षे चार-चार, आठ-आठ दिवसांआड येत राहिले. नव्या योजनेचे भूमिपूजन 2020 च्या डिसेंबरात झाले. योजना मोठी आहे. पण घर घेणाऱ्याने योजनेचा फलक वाचून व्यवहार करू नये. त्या गल्लीत आज नळ कितव्या दिवशी येतो, हे पाहून करावा. लातूरकरांना विचारा. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्या उन्हाळ्यात लातूरच्या चांगल्या चांगल्या बंगल्यांत राहणारी माणसे घागरी घेऊन रांगेत उभी होती.

पाच माणसांच्या कुटुंबाला अगदी काटकसरीने, माणशी 70 लिटर धरले, तरी रोज 350 लिटर लागते. नळ आठ दिवसांआड येत असेल तर 2800 लिटर साठवण पाहिजे. गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी दाखवून "पाण्याची सोय आहे" असे सांगणारा तुम्हांला तीन दिवसांचे पाणी दाखवीत असतो. उरलेल्या पाच दिवसांचे पाणी टँकरचे, आणि टँकरचा दर उन्हाळ्यात चढतो. "बोअर आहे" असे सांगितले तर किती फुटांवर पाणी लागले आणि मे महिन्यात ते चालते का, हे शेजाऱ्याला विचारावे, विकणाऱ्याला नव्हे. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. एका बोअरला पाणी लागते आणि दहा पावलांवरचे कोरडे जाते, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

पाण्याचा खरा हिशेब बायकांच्या दिवसात असतो. नळ कधी रात्री दोनला येतो, कधी दुपारी. ज्या दिवशी नळ, त्या दिवशी घरातल्या कोणाला तरी थांबावे लागते, आणि ती कोण हे सांगण्याची गरज नाही. आमच्या संघटनेतल्या एका सभासद भगिनीने नळाच्या दिवसांपायी पडलेले खाडे कॅलेंडरवर खुणा करून ठेवले होते. वर्षाअखेर तिची हजेरीची बक्षिसी त्याच खाड्यांनी बुडाली. घर घेताना तिच्या नवऱ्याने ओट्याला ग्रॅनाइट आहे की नाही हे तपासले होते.

परभणीत घर घेणाऱ्यांसाठी पांढरीची गोष्ट पुन्हा सांगावी लागते. वसमत रोड, जिंतूर रोड, गंगाखेड रोड, कोणत्याही बाजूने बाहेर पडा. कालपर्यंत जेथे कापूस आणि सोयाबीन होते, तेथे आज सिमेंटचे खुंट रोवलेले दिसतात. जमीन काळी, खोल. तेथे घर बांधता येत नाही असे नव्हे. पण पाया मुरमापर्यंत किंवा तितक्याच घट्ट थरापर्यंत गेला पाहिजे, आणि त्याचा खर्च प्लॉटच्या भावात दिसत नाही. तयार घर घेत असाल तर त्याच गल्लीतली पाच-सात वर्षांची घरे पाहा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग दिसली, तर जमीन तुम्हांला काय ते सांगते आहे. नव्या रंगावर विश्वास ठेवू नका.

यानंतर कागद. येथे आमचीच गोष्ट सांगतो.

संघटनेच्या करारातला प्रत्येक स्वल्पविराम आम्ही तपासतो, असा आमचा लौकिक होता. व्यवस्थापनाचे वकील आम्हांला वचकून असत. त्याच आम्ही 2003 साली शहराच्या कडेला दीड गुंठ्याचा प्लॉट शंभराच्या बाँडवर, नोटरीच्या शिक्क्यावर घेतला. विकणारा ओळखीचा होता, भाव निम्मा होता, आणि आजूबाजूला आपल्याच भागातल्या शंभर-सव्वाशे लोकांनी तसाच घेतला होता. शंभर माणसे एकाच खड्ड्यात उभी असली म्हणजे तो खड्डा वाटत नाही. आम्ही चैत्रात जागा पाहिली तेव्हा कोरडी ठणठणीत होती. घर बांधले, आणि पुढच्या श्रावणात नाल्याचे पाणी उंबऱ्याशी आले. मग चौकशी केली. जेथे आमचा ओटा होता तेथून पूर्वी ओढा वाहत होता. कोणी तरी तो मुरूम टाकून बुजवला होता. ओढ्याला मात्र ते कोणी कळवले नव्हते.

पाण्यापेक्षा कागदाने अधिक छळले. शंभर रुपयांवरच्या किमतीची स्थावर मिळकत विकायची तर दस्त नोंदवलाच पाहिजे, असे 1908 चा नोंदणी कायदा सांगतो. नोटरीचा शिक्का म्हणजे सही तुमचीच आहे एवढ्याची साक्ष. त्याने मालकी येत नाही. आणि शेतजमिनीचे असे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडायला 1947 च्या तुकडेबंदी कायद्याची आडकाठी, म्हणून दस्त नोंदला जात नव्हता. सरकारने 2001 साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, परंतु तो 1 जानेवारी 2001 पर्यंतच्या वस्त्यांना लागू होता. आमचे घर दोन वर्षांनी उशिरा जन्मले. पुढे 2021 साली कायद्यात दुरुस्ती होऊन ही तारीख 31 डिसेंबर 2020 पर्यंत पुढे आणली गेली, तेव्हा कोठे आम्हांला अर्ज करता आला. मधली अठरा वर्षे त्या घरात आम्ही राहत होतो, घरपट्टी भरत होतो, आणि कायद्याच्या दृष्टीने ते आमचे नव्हते. मुलीच्या शिक्षणासाठी ते तारण ठेवून कर्ज काढावे म्हणून बँकेत गेलो. अधिकाऱ्याने बाँड उलटसुलट करून पाहिला आणि आदराने परत दिला. मुलीचा नर्सिंगचा प्रवेश त्या वर्षी हुकला. विकणाऱ्याला दोष देऊन काय होणार? सही आमची होती.

म्हणून आता आम्ही कागद या क्रमाने मागतो. सातबारा असेल तर त्यावरचा इतर हक्कांचा रकाना आधी वाचावा. बोजा, कूळ, वाद तेथे दिसतात, आणि शेतकऱ्याच्या पोराला तो वाचायला शिकवावे लागत नाही. मग बिनशेतीचा आदेश आणि मंजूर रेखांकन. खुंट रोवले म्हणजे लेआऊट झाला, असे नव्हे. नकाशावर मंजुरीचा शिक्का आणि क्रमांक पाहिजे. त्यानंतर नगररचना खात्याकडून झोनचा दाखला. विकास आराखड्यात तुमच्या हॉलमधून साठ फुटी रस्ता जात असेल किंवा ती जागा बगीच्यासाठी राखीव असेल, तर ते तेथे कळते. जवळून नदी-नाला जात असेल तर पूररेषा विचारावी. सरासरीने 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत घर घेऊ नये, मग कोणी काहीही सांगो. मागच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध वकिलाकडून घ्यावा. त्याच्या फीला लोक का कू करतात, आणि वास्तुशांतीला तीनशे पाने उठवतात.

तयार फ्लॅट घेणाऱ्याला आज पूर्वीपेक्षा बरे दिवस आहेत. स्थावर मालमत्तेचा नवा कायदा 1 मे 2017 पासून पुरता अमलात आला. आठांपेक्षा अधिक घरांची आणि 500 चौरस मीटरहून मोठ्या जागेवरची योजना महारेराकडे नोंदवल्याशिवाय बिल्डरला जाहिरातही करता येत नाही, आणि गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच कामाला लावावे लागतात. नोंदणी क्रमांक घेऊन मोबाइलवर पाहता येते की घर कधी द्यायचे कबूल केले आहे आणि किती वेळा मुदत वाढवून घेतली. तथापि छोट्या गावाबाहेरचे छोटे प्लॉट आणि सहा घरांच्या इमारती या कायद्याच्या जाळ्यातून निसटतात. आणि आपला माणूस बहुधा तेथेच जातो. इमारत पुरी झाली असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागावे. "येईल महिन्याभरात" हे उत्तर आम्ही दहा-दहा वर्षे जुन्या इमारतींत ऐकले आहे.

आतापर्यंत आम्ही असे बोललो की जणू प्रत्येकाला हवी ती वस्ती निवडता येते. तसे नाही, हे येथे बसलेल्यांपैकी अनेकांना आमच्याहून अधिक ठाऊक आहे. भाव विचारण्यापूर्वी आडनाव विचारणारे लोक आजही आहेत. मोठा पगार, परदेशी पदवी असूनही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 1917 साली बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. आज धर्मशाळेतून काढत नाहीत. "फ्लॅट कालच गेला हो," असे गोड सांगतात. आमच्या संघटनेतल्या दोघा मित्रांनी, एकाच पगाराच्या, एकाच खात्यातल्या, एकाच इमारतीत चौकशी केली. एकाला चावी दाखवली, दुसऱ्याला फाटक. यावर आमच्याकडे सोपा उपाय नाही. एवढे मात्र केले की ज्याला चावी दाखवली त्यानेही ती घेतली नाही.

एकट्याने घर शोधणे हीच मुळात कामगाराची कमजोर बाजू आहे. सोलापूरचे उदाहरण पाहा. विडी कामगार बाईला रोज विड्या जमा करायला आणि पान-तंबाखू आणायला कारखान्याच्या शाखेत जावे लागते, तेव्हा तिच्या घराचा प्रश्न त्या वाटेशी बांधलेला. तेथील विडी कामगार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली संघटनेतूनच घरासाठी लढले, आणि कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली; 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचा ताबा देण्यात आला. पुढे रे नगरची तीस हजार घरांची योजना झाली आणि 2024 च्या जानेवारीत त्यांतली पंधरा हजार घरे देण्यात आली. जागा शहराबाहेर आहे, अडचणी आहेत. आम्ही काही स्वर्गाचे वर्णन करीत नाही. परंतु पाण्याचा किंवा बसचा प्रश्न निघाला की तेथे एक अर्ज जात नाही, हजारो जातात. आमच्या प्लॉटवर आम्ही सव्वाशे कुटुंबे होतो, आणि नाल्याचा अर्ज सही करून न्यायला तिसऱ्या वर्षी फक्त अकरा जण आले. वस्ती पाहताना म्हणून आम्ही एक विचारून घेतो: येथे गेल्या वर्षी सर्वांनी मिळून कोणते काम केले? ज्या गल्लीत गणपतीची वर्गणी जमते पण ड्रेनेजची जमत नाही, तिच्याबद्दल आम्ही सावध असतो.

गेल्या वर्षी आमच्या भावकीतला एक मुलगा आणि त्याची बायको दोन जागा मनात ठेवून आमच्याकडे आली. एक, वसाहतीलगत दुसऱ्या मजल्यावरचा 480 फुटांचा फ्लॅट. दुसरी, तेरा किलोमीटर लांब, दीड गुंठ्याचा प्लॉट, वर दोन खोल्या. किंमत चार लाखांनी कमी. मुलाचा जीव प्लॉटवर. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते: पुढे मागे आईवडील बोरीहून आले तर अंगण हवे, जमीन आपली हवी. आम्ही त्यांना काही सांगितले नाही. फक्त चार वेळा जाऊन या म्हटले. नळाच्या दिवशी, पाऊस पडून गेल्यावर, दुसरी पाळी सुटल्यावर रात्री बारा वाजता, आणि शाळेच्या वेळी सकाळी. आणि दर वेळी दोघे मिळून.

त्यांनी ते खरोखर केले. परत आल्यावर मुलगा अंतराचे आणि नळाचे बोलला. सूनबाई जे बोलली ते आमच्याही यादीत नव्हते. ती म्हणाली, "काका, पाण्याचं तुम्ही सांगितलंच होतं. पण तिथं रात्री रस्त्याला दिवा नाही, अन् संध्याकाळी सातनंतर एकबी बाई बाहेर दिसली नाही. मी कामावरून आठला येते. मला रोज यांनी आणायला यायचं का?" घाटीचा दवाखाना किती लांब पडतो, हेही तिनेच मोजून आणले होते. तिला दिवस गेले होते; आम्हांला ते नंतर कळले.

त्यांनी फ्लॅट घेतला. दस्त तिच्या एकटीच्या नावावर केला. बाईच्या नावावर घर घेतले तर 2021 पासून आपल्या राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. तीस लाखांच्या घराला ते तीस हजार रुपये होतात. मुलाला आधी जरा अवघड वाटले. वास्तुशांतीला बोरीहून चुलते आले, त्यांनी दोन खोल्या आणि एक गॅलरी मोजली आणि "एवढ्यात सव्वा एकर गेला का?" असे विचारले. तो प्रश्न आम्हांलाही लागला. तो सव्वा एकर आम्हीही लहानपणी खुरपलेला आहे.

राहिला तो प्लॉट. तो दोन महिन्यांत विकला गेला. घेणारा आपल्याच जिंतूर तालुक्यातला आहे. कागद घेऊन तो परवा आमच्याकडे आला होता. बाँड शंभराऐवजी पाचशेचा आहे, बाकी मजकूर आमच्या 2003 च्या बाँडसारखाच. मोजणीचा अर्ज त्याला लिहून दिला आहे, आणि सोमवारी नगररचना कार्यालयात त्याच्याबरोबर जायचे आहे.